माद्रिदच्या काराबांचेलमध्ये कुटुंबासह राहायचं असेल तर: घर, पाद्रोन (रहिवासी नोंद), शाळा, दवाखाना

वैनगंगा:

माद्रिदला नोकरी लागली आहे, बरोबर लहान मुलं आहेत, मध्यवस्तीतलं भाडं झेपत नाही, मग कुठे पाहावं? हा प्रश्न इथे वरचेवर येतो आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरतात. म्हणून एकाच भागापुरता हा धागा काढते आहे. भाग काराबांचेल. इतर भागांसाठी वेगळा धागा काढावा, नाहीतर गोंधळ होतो.

आधी भूगोल. मान्सानारेस नदीच्या दक्षिणेला हा जिल्हा आहे. १९४८ पर्यंत इथे काराबांचेल आल्तो आणि काराबांचेल बाहो अशी दोन वेगळी गावं होती, मग ती माद्रिदमध्ये घेतली. जिल्ह्यात सात बार्रिओ, म्हणजे वस्त्या, आहेत: कोमियास, ओपान्येल, सान इसिद्रो, बिस्ता आलेग्रे, प्वेर्ता बोनिता, ब्वेनाबिस्ता आणि आब्रांतेस. खेनेराल रिकार्दोस हा मुख्य रस्ता. नदीकाठच्या मार्केस दे बादियो चौकातून तो वर चढत जातो. नकाशावर हा चढ कळत नाही. बाबागाडी ढकलत बाजाराची पिशवी आणायची असेल तर घर चढाच्या कुठल्या टोकाला आहे ते स्वतः चालून पाहावं. ओपान्येल आणि सान इसिद्रोच्या आतल्या गल्ल्या तर चांगल्याच उताराच्या आहेत.

मेट्रोच्या तीन लाइनी उपयोगाच्या. लाइन ५ उर्खेल, ओपोर्तो, बिस्ता आलेग्रेवरून न बदलता मध्यवस्तीतल्या ला लातिना, ओपेरा, कायाओला जाते. लाइन ६ ही वर्तुळाकार, ती ओपोर्तो, ओपान्येल आणि प्लासा एलिप्तिकाला मिळते. लाइन ११ आब्रांतेस, पान बेंदितो, काराबांचेल आल्तो, ला पेसेता अशी जाते. ती सध्या प्लासा एलिप्तिकालाच संपते, तिथे लाइन ६ धरावी लागते. पुढे वाढवायचं काम चालू आहे. घर 'मेट्रोपासून पाच मिनिटं' असलं तरी कोणत्या मेट्रोपासून, हे विचारा. लाइन ११ वरच्या घराला रोज एक बदल धरूनच चाला.

घरं ढोबळमानाने तीन प्रकारची. पन्नास ते सत्तरच्या दशकातल्या विटांच्या चार-पाच मजली इमारती, बहुतेक बिनलिफ्टच्या. त्यानंतरचे लिफ्टवाले उंच ब्लॉक. आणि ब्वेनाबिस्ताच्या बाजूला 'पाऊ दे काराबांचेल' म्हणून जी नवी वसाहत झाली तिथली घरं, म्हणजे रुंद रस्ते, गॅरेज आणि बऱ्याच सोसायट्यांत आवारात पोहण्याचा तलाव. भाडं याच क्रमाने चढतं.

आता करार. यात जी चूक होते ती वर्षानुवर्षं निस्तरावी लागते.

कायमच्या निवासाच्या करारात घरमालक व्यक्ती असेल तर भाडेकरूला ५ वर्षं, आणि कंपनी असेल तर ७ वर्षं राहण्याचा हक्क आहे, करारावर एक वर्ष लिहिलेलं असलं तरीही. म्हणूनच हल्ली ११ महिन्यांचे 'दे तेंपोरादा', म्हणजे हंगामी करार पुढे केले जातात. त्यांना हे संरक्षण नाही. मुलांना शाळेत घालायचं असेल तर असा करार घेऊ नका, मग घर कितीही छान असो. भाडेकरूला मात्र ६ महिन्यांनंतर ३० दिवसांची लेखी सूचना देऊन सोडता येतं. करारात दंडाचं कलम असेल तर उरलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचं भाडं, अपुऱ्या वर्षाचं त्याच प्रमाणात, यापेक्षा जास्त मागता येत नाही.

एक कलम नीट शोधा: पहिल्या वर्षानंतर घरमालकाला स्वतःसाठी किंवा जवळच्या नातेवाइकासाठी घर परत हवं असेल तर दोन महिन्यांच्या सूचनेने ते घेता येतं, पण तसं करारात आधीच लिहिलेलं असेल तरच. ते काढून टाकायला सांगण्याची वेळ सहीच्या आधीची.

अनामत, म्हणजे फियान्सा, एक महिन्याची. त्यावर जास्तीत जास्त दोन महिन्यांची जादा हमी मागता येते. २६ मे २०२३ पासून एजंटची दलाली घरमालकाने द्यायची असा कायदा आहे. 'प्रशासकीय खर्च', 'अहवालाचं शुल्क' अशा नावाखाली तीच रक्कम मागितली तर कायद्याचं नाव घेऊन शांतपणे नकार द्या. फियान्सा घरमालकाने माद्रिद प्रदेशाच्या आखेन्सिया दे बिबिएंदा सोसियाल या गृहनिर्माण संस्थेकडे जमा करायची असते. तिची पावती मागून ठेवा. चाळिशीच्या आतल्या भाडेकरूला उत्पन्नाच्या मर्यादेत प्रादेशिक आयकरात भाड्याची वजावट मिळते, तेव्हा तीच पावती लागते.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा. रजिस्ट्रीमधून 'नोता सिंप्ले' सुमारे १० युरोत ऑनलाइन मिळते, त्यात मालकाचं खरं नाव असतं. आणि कातास्त्रोच्या, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की जागेचा नोंदलेला वापर फुकट दिसतो. तिथे 'रेसिदेन्सियाल', म्हणजे निवासी, हवं. तळमजल्यावरचं दुकान रंगवून घर म्हणून भाड्याने दिलेलं असलं की इथेच कळतं.

बाकीच्यांनी आपापल्या विषयाची भर घालावी.

गच्चीवरचा:

उत्तम धागा. इमारत आणि घर पाहताना काय बघायचं ते लिहितो.

बिनलिफ्टचा तिसरा-चौथा मजला स्वस्त पडतो. मूल चालतं असेल आणि घरात कोणी वयस्कर नसेल तर तो घ्यायला हरकत नाही. पण बाबागाडी कुठे राहणार ते आधी ठरवा. जिन्याखाली ठेवायला वेसीनोस, म्हणजे सोसायटीची परवानगी लागते आणि पुष्कळ ठिकाणी ती मिळत नाही. दुसरं म्हणजे आई-वडील भारतातून तीन-तीन महिने येऊन राहणार असतील तर गुडघ्यांचा विचार आजच करा.

सगळ्यात वरचा मजला उन्हाळ्यात तापतो. जुलैमध्ये माद्रिदला ३८ अंश नेहमीचं आहे, आणि जुन्या इमारतींच्या छपराला उष्णतारोधक थर नसतो. अशा घरात तीन गोष्टी पाहा: खिडक्यांना पेर्सियाना, म्हणजे गुंडाळायचे शटर, नीट उतरतात का, बाहेर हिरवा तोल्दो आहे का, आणि समोरासमोर हवा खेळेल अशा खिडक्या आहेत का. दक्षिण माद्रिदभर बाल्कन्यांवर दिसणारे ते हिरवे कापडी छत शोभेचे नाहीत. ऊन काचेवर पडायच्या आधीच अडवायचं, हे त्यांचं काम. सकाळी दहाच्या आत खिडक्या बंद करून पेर्सियाना तीन-चतुर्थांश खाली, आणि रात्री बाहेर गारवा आला की सगळं उघडायचं. वारा सुटला की तोल्दो गुंडाळा, नाहीतर त्याचे दांडे वाकतात. पेर्सियानाचा पट्टा हा नेहमी तुटणारा भाग आहे. पट्टा कडेने विरलेला दिसला तर घर घेतानाच बदलून मागा.

हिवाळ्यासाठी विचारा: हीटिंग सामाईक आहे का स्वतंत्र? सामाईक असेल तर खर्च सोसायटीच्या वर्गणीत आहे का वेगळा, आणि ती वर्गणी कोण भरतं? स्वतंत्र गॅस बॉयलर असेल तर शेवटच्या तपासणीचा कागद पाहा. नुसते विजेचे हीटर असतील तर स्वस्त भाड्यातला फरक बिलात जातो.

वीज. जाहिरातीत कोणी लिहीत नाही, पण 'पोतेन्सिया कोन्त्रातादा', म्हणजे मंजूर भार, हा आकडा विचाराच. जुन्या घरांत तो बहुधा ३.४५ किलोवॅट असतो. ओव्हन साधारण २.२, पाणी तापवत असलेलं वॉशिंग मशीन २, गीझर १.५. तिन्ही एकदम चालू केले की ५.७ झाले आणि वीज गेली. ती स्मार्ट मीटरने तोडलेली असते, म्हणून पेटीतली सगळी बटणं वर दिसतात आणि माणूस गोंधळतो. आधी एक-दोन उपकरणं बंद करा, मग मुख्य स्विच खाली ओढा, तीन-चार सेकंद थांबा, वर करा. भार वाढवून घेता येतो, पण जुन्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र मागतात. तो खर्च कोणाचा ते करारातच लिहून घ्या.

दराच्या वेळा (ज्यांचं बिल वेळेनुसार आहे त्यांच्यासाठी, १ जून २०२१ पासून): महाग १० ते १४ आणि १८ ते २२, मध्यम ८ ते १०, १४ ते १८ आणि २२ ते २४, स्वस्त रात्री १२ ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार पूर्ण. धुणं शनिवारी लावा. रात्री एकला मशीन लावू नका. या इमारतींच्या भिंती पातळ आहेत आणि रात्री ११ ते सकाळी ७ आवाजाचे नियम कडक आहेत.

भारतातला मिक्सर इथे चालतो, दाब २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ आहे. फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, काचेच्या साध्या विद्युत शेगडीवर चालतो. दोन्ही वरून सारख्याच काळ्या दिसतात. चुंबक भांड्याच्या बुडाला चिकटलं तर ते भांडं इंडक्शनवर चालेल, एवढी एक परीक्षा पुरे.

मोगरा७:

प्रश्न आहे. सगळ्या फॉर्मवर दोन आडनावांचे रकाने आहेत. मुलाच्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव आहे. ते दुसऱ्या आडनावाच्या रकान्यात लिहायचं का? दोन कार्यालयांत दोन वेगळी उत्तरं मिळतात.

तळटीप:

मोगराताई, लिहायचं नाही. फार महत्त्वाचा मुद्दा आहे हा, म्हणून सविस्तर लिहिते.

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर 'ओवी सचिन' हे नाव आणि 'जाधव' हे आडनाव अशी विभागणी असेल तर परदेशी नागरिकाच्या कार्डावर, म्हणजे तिएवर, नेमकं तसंच उतरतं. मग पाद्रोन, शाळा, दवाखाना, बँक सगळीकडे नोंब्रे (नाव) 'ओवी सचिन', प्रिमेर आपेयिदो (पहिलं आडनाव) 'जाधव', सेगुंदो आपेयिदो (दुसरं आडनाव) कोरं. एका ठिकाणी 'सचिन' आडनावाच्या रकान्यात गेलं की संगणकाला ती दोन वेगळी मुलं वाटतात. दवाखान्याच्या नोंदीत लस सापडत नाही, शाळेच्या अर्जात पाद्रोन जुळत नाही. ऑनलाइन फॉर्म दुसरा रकाना कोरा सोडू देत नसेल तर 'दुसरं आडनाव नाही' अशी खूण जवळपास असते, ती शोधा.

पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर निघण्याआधी भारतातच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. इथे येऊन ते निस्तरणं फार जड जातं.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांसाठी: इथे लग्नाने नाव बदलत नाही. पदवीवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं नाव असेल तर खिडकीवरच्या माणसाला त्या दोन व्यक्ती वाटतात. विवाहाचा दाखला आणि नाव बदलाचं राजपत्र असेल तर तेही, दोन्ही तयार ठेवा.

कागद तयार करण्याचा क्रम चुकला तर पैसे दोनदा जातात. मुलाच्या जन्मदाखल्यावर मुलाचं नाव आहे ना ते पाहा. जन्म झाल्या झाल्या काढलेल्या दाखल्यांवर तो रकाना रिकामा असतो. नाव नसेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदवून नवा दाखला काढा. मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा साक्षांकनाचा शिक्का, आणि सगळ्यात शेवटी स्पॅनिशमध्ये भाषांतर. ते त्रादुक्तोर हुरादोकडूनच, म्हणजे स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या भाषांतरकाराकडून. अपॉस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर व्हावं लागतं, म्हणून भाषांतर आधी करून उपयोग नाही. आणि मूळ दाखल्याला प्लास्टिक लॅमिनेशन करू नका, त्यावर शिक्का बसत नाही.

आता पाद्रोन. ही नगरपालिकेची रहिवासी नोंद. शाळा, दवाखाना, पुढे नागरिकत्व, सगळ्याला ती लागते, म्हणून घर मिळाल्याच्या आठवड्यातच वेळ घ्या. ०१० या क्रमांकावर किंवा पालिकेच्या संकेतस्थळावर वेळ मिळते. शहरातल्या कुठल्याही 'लिनेआ माद्रिद' कार्यालयात चालतं, काराबांचेलमध्ये तारीख लांबची असेल तर दुसऱ्या जिल्ह्यात घ्या. बरोबर न्यायचं: सगळ्यांचे पासपोर्ट किंवा तिए, चालू भाडेकरार, मुलांचे जन्मदाखले आणि भरलेला अर्ज. मुलांसाठी दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. एक पालक अजून भारतात असेल तर त्याचं संमतिपत्र आधी मागवा.

घरमालक 'पाद्रोन करायचं नाही' म्हणत असेल तर ते घर सोडून द्या. तुम्ही खरोखर राहता तिथे नोंद करून घेणं हे पालिकेचं कर्तव्य आहे, तसं कलम करारात असलं तरी त्याला किंमत नाही. पण भांडत संसार सुरू करण्यात अर्थ नाही.

युरोपीय संघाबाहेरच्या ज्या नागरिकांकडे दीर्घकालीन निवासपरवाना नाही, त्यांना दर २ वर्षांनी ही नोंद नव्याने करावी लागते. पत्र येवो न येवो, तारीख वहीत लिहून ठेवा. नोंद गळली की सलग वास्तव्याचा पुरावा तुटतो.

खडूफळा:

शाळेबद्दल लिहितो.

सक्तीचं शिक्षण ६ ते १६. पण ३ ते ६ चा इन्फान्तिलचा टप्पाही सरकारी शाळेत मोफत आहे आणि जवळजवळ सगळी मुलं जातात. भाषेच्या दृष्टीने ती तीन वर्षं सोन्यासारखी आहेत, ती घरी घालवू नका. वर्ग जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून ठरतो. ज्या वर्षी मूल ३ पूर्ण करतं त्या वर्षीच्या सप्टेंबरात इन्फान्तिल, ज्या वर्षी ६ पूर्ण करतं तेव्हा प्रिमारिया, म्हणजे प्राथमिक, पहिली. डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान असतं, त्याला पर्याय नाही.

शाळा तीन प्रकारच्या: सरकारी (सेइप), अनुदानित (कोन्सेर्तादो) आणि खासगी. सरकारी शाळेत वह्या-रंग, जेवण आणि सहली सोडल्या तर खर्च नाही. पुस्तकं 'आक्सेदे' योजनेत वापरायला मोफत मिळतात, पण शाळेत वेळेत नाव द्यावं लागतं आणि वर्षाअखेर पुस्तकं धड परत करावी लागतात. नव्याने आलेल्यांना हे कोणी आपणहून सांगत नाही, कार्यालयात विचारा.

प्रवेश अर्ज वसंतात असतात. वर्षाच्या मध्ये आलात तर शाळांच्या दारोदार फिरू नका. प्रदेशाची 'सेर्बिसियो दे आपोयो आ ला एस्कोलारिसासिओन' नावाची सेवा कुठे जागा आहे ते पाहून प्रवेश देते. पसंतीक्रम देता येतो, पण हवी तीच शाळा मिळेल असं नाही. भावंडं वेगवेगळ्या शाळांत पडली तर पुढच्या वसंतात भावंडाच्या गुणांवर बदली मागा.

स्पॅनिश अजिबात न येणाऱ्या मोठ्या मुलांसाठी, प्रिमारियाच्या वरच्या इयत्तांपासून, काही शाळांत 'आउला दे एन्लासे' असते: तिथे काही महिने भाषेवर भर, काही तास नेहमीच्या वर्गात. लहान मुलांना ती नसते आणि गरजही पडत नाही. माद्रिदच्या अनेक सरकारी शाळा स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिक आहेत. इंग्रजी येणाऱ्या मुलाला तिथे निदान विज्ञानाच्या तासाला तोंड उघडता येतं, त्याचा धीर वाढतो.

पहिल्या सप्टेंबरात तीन वर्षांच्या मुलांना 'आदाप्तासिओन' असतं, म्हणजे पहिले काही दिवस दीड-दोन तासच शाळा. दोघंही नोकरीवर असाल तर त्या आठवड्याची रजा राखून ठेवा. मूल लंगोट सोडलेलं हवं. पुष्कळ शाळांत शिक्षिका कपडे बदलत नाहीत, पालकाला फोन करतात.

जॅकेटच्या मानेला आतून सहा-सात सेंटिमीटरची इलॅस्टिकची नाडी शिवा आणि आत नाव लिहा. वर्गात खुंट्या आहेत आणि तीन वर्षांच्या मुलाला बारीक टॅग खुंटीवर अडकवता येत नाही. बटणांऐवजी चेन, नाडीच्या बुटांऐवजी वेल्क्रो. शिक्षिकेकडे वीसेक मुलं असू शकतात, आपल्या मुलाला स्वतः काय करता येतं यावर त्याचा दिवस ठरतो.

डब्यात शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, चटणी देऊ नका. अॅलर्जीमुळे दाणे आणि सुकामेवा बहुतेक शाळांत बंद असतो. वाढदिवसाला घरी केलेलं काही चालत नाही, बंद वेष्टनातलं आणि घटक छापलेलंच.

मोगरा७:

शाळेतल्या जेवणाचं काय? आम्ही अंडंही खात नाही.

खडूफळा:

मोगराताई, तोंडी 'वेखेतारियानो' एवढंच सांगू नका. या शब्दात ट्यूना बसते असं अजून अनेकांना वाटतं, आणि लेंतेहास, म्हणजे मसुराच्या आमटीत चोरिसोचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा तुकडा 'चवीपुरता' असतो. लेखी द्या: मांस नको, मासे-ट्यूना नको, अंडं नको, मांसाचं किंवा माशाचं काल्दो, म्हणजे उकळीचं पाणीही नको. तोर्तिया, क्रोकेता, मायोनेज या तिन्हींत अंडं असतं, ती नावं वेगळी लिहा. बदलीची थाळी कोणती ते महिन्याच्या तक्त्यावर आधीच खूण करून मागा. बिनअंड्याची सोय नीट होत नसेल तर ज्या शाळेत मूल दुपारी घरी नेता येतं ती पाहा.

वैनगंगा:

इथे वेळापत्रकाचा मुद्दा येतो. 'कोन्तिनुआ' शाळा ९ ते १४ असते, त्यानंतर हवं तर जेवण १६ पर्यंत. 'पार्तिदा' सकाळी ९ ते १२:३० आणि पुन्हा १४:३० ते १६. जेवायला घरी न्यायचं असेल तर पार्तिदात दिवसाला चार फेऱ्या होतात. माझं मत कोन्तिनुआच्या बाजूचं.

खडूफळा:

ज्या घरात एक पालक दुपारी मोकळा आहे तिथे बरोबर. दोघं नोकरीवर असतील तर मी पार्तिदा म्हणेन. मूल चारपर्यंत शाळेतच असतं आणि मधला वेळ दोन तासांचा असल्याने जेवण घाईत होत नाही. सकाळी ७:३० पासून नाश्त्यासह सांभाळणारी 'प्रिमेरोस देल कोले' ही सोय बहुतेक शाळांत आहे, पालकसंघ म्हणजे आंपा ती चालवतो. आणि हे लक्षात असू द्या की जून आणि सप्टेंबरात सकाळचीच शाळा असते.

औषधपेटी:

दवाखान्याचं मोजकंच लिहिते, पण एक गोष्ट जिवावरची आहे, ती आधी.

भारतातलं पॅरासिटामॉलचं सिरप साधारण ५ मिलीत १२५ किंवा २५० मिग्रॅ असतं, म्हणजे मिलीमागे २५ किंवा ५०. इथल्या फार्मसीत मुलांसाठी सर्रास मिळणारं द्रावण मिलीमागे १०० मिग्रॅ असतं. भारतातल्या सवयीने '५ मिली' दिलं तर दुप्पट ते चौपट औषध जातं. नेहमीचा डोस वजनावर, किलोमागे १५ मिग्रॅ, दर सहा तासांनी. इथल्या द्रावणात तो किलोमागे ०.१५ मिली होतो: १० किलोच्या बाळाला १.५ मिली, १६ किलोच्या मुलाला २.४ मिली. खोक्यातली खुणांची पिचकारीच वापरा, चमचा नको. भारतातून आणलेली बाटली आणि इथली बाटली एका कपाटात ठेवू नका, आजी-आजोबा आलेले असताना तर नकोच.

नोंदणी: नोकरी करणाऱ्याचा सामाजिक सुरक्षा क्रमांक, मग जोडीदार आणि मुलं त्याच्यावर लाभार्थी म्हणून जोडायची. ते कागद आणि पाद्रोन घेऊन पत्त्याप्रमाणे लागू होणाऱ्या सेंत्रो दे सालुदमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात जायचं. १४ वर्षांपर्यंत बालरोगतज्ज्ञ. औषधांच्या चिठ्ठीवर नोकरदाराला वार्षिक उत्पन्न १८,००० युरोच्या आत असेल तर किमतीच्या ४० टक्के, त्यापुढे १,००,००० पर्यंत ५० टक्के भरावे लागतात.

लसीचं मूळ पुस्तक आणा, फोटो नव्हे. पहिल्या भेटीत सांगा की जन्मतः बीसीजी दिलेली आहे. इथे ती सरसकट देत नाहीत, आणि क्षयाची त्वचाचाचणी बीसीजीमुळे खोटी सकारात्मक येऊ शकते. कांजिण्या, मेनिंगोकॉकस अशा ज्या लसी राहिल्या असतील त्या इथे वेळापत्रकानुसार भरून काढतात, मोफत. आणीबाणीला ११२.

सातारकर:

बाजाराचं मी सांगतो. तूरडाळ, पोहे, आटा, गूळ यांसाठी मध्यवस्तीतलं लावापिएस. कायाओला उतरून लाइन ३ पकडा, किंवा ओपोर्तोहून लाइन ६ ने लेगास्पी आणि तिथून लाइन ३. पण दर आठवड्याला तिथे जायची गरज नाही. शेजारच्या उसेरामधल्या चिनी सुपरमार्केटांत आलं, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, कारली मिळतात. काराबांचेलमधल्या लॅटिन अमेरिकन भाजीवाल्यांकडे कोथिंबीर जुडीने मिळते, 'सिलांत्रो' म्हणायचं, 'पेरेखिल' म्हणजे पार्सली, ती वेगळी.

साध्या सुपरमार्केटमध्ये आपलं असं सापडतं: आरिना दे गार्बान्सो म्हणजे बेसन, सेमोला दे त्रिगो म्हणजे रवा, लेंतेहा रोखा म्हणजे सोललेली मसूर. पोळीला इथलं इन्तेग्राल, म्हणजे कोंड्यासकटचं पीठ एकटं वापरलं तर कोंडा जाड असल्याने कडा फाटतात. दोन वाट्या इन्तेग्राल बारीक चाळून त्यात एक वाटी साधं पीठ, कोमट पाणी, आणि भिजवल्यावर निदान ४० मिनिटं झाकून ठेवा. पनीरला लांब टिकणारं खोक्यातलं दूध घेऊ नका, त्याचा चोथा भुसभुशीत होतो. फ्रीजमधलं 'लेचे फ्रेस्का' घ्या.

फोडणीचा प्रश्न या इमारतींत खरा आहे. स्वयंपाकघराची खिडकी पातिओ दे लुसेसमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या चौकात उघडते, आणि तिथेच वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे धुण्याचे दोर असतात. मिरचीची फोडणी चौकात सोडली की वरच्या बाईंच्या चादरीला वास लागतो. धुराड्याचा पंखा फोडणीच्या आधी दोन मिनिटं चालू करा. घर पाहताना विचारा की त्याचा पाइप छपरापर्यंत गेला आहे की हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो. दुसऱ्या प्रकारात कोळशाचा फिल्टर असतो, आपल्या स्वयंपाकाला तो तीन-चार महिन्यांत बदलावा लागतो. जाळी दर तीन आठवड्यांनी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यात भिजवून धुवा. आणि दोरावर मोठी चादर टाकण्याआधी खाली कोणाचे कपडे वाळत आहेत ते पाहा. ओल्या चादरीचं पाणी खालच्या वाळलेल्या कपड्यांवर गळणं हे इथल्या भांडणाचं पहिलं कारण आहे.

मुलांचं म्हणाल तर शाळा सुटली की साडेचार ते आठ सगळं बार्रिओ बागेत. मेरिएंदा, म्हणजे संध्याकाळचं खाणं, तिथेच. ओळखी तिथे होतात, भाषा तिथे येते. नदीकाठी, हमरस्ता बोगद्यात घालून केलेली माद्रिद रिओची बाग कोमियास आणि सान इसिद्रोला चालत्या अंतरावर आहे. मोठ्यांना स्पॅनिश शिकायचं तर सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रांत, सेपांत, वर्ग मोफत आहेत, जागा सप्टेंबरातच भरतात. १५ मे ला सान इसिद्रोचा सण, त्याच्या जत्रेचं मैदान, प्रादेरा, याच जिल्ह्यात. त्या आठवड्यात शाळा मुलांना चुलापो पोशाखात बोलावतात: चौकटीची टोपी, जाकीट, गळ्यात पांढरा रुमाल आणि कार्नेशनचं लाल फूल. आदल्या संध्याकाळी दुकानांत मापं संपलेली असतात.

मोगरा७:

गच्चीवरचा दादा, पाहिलेल्या घरात नारिंगी सिलिंडर आहे, पाइपलाइन नाही. मुलं असताना घ्यावं का?

गच्चीवरचा:

घ्यायला हरकत नाही, पण हे तपासा. सिलिंडर १२.५ किलोचा असतो आणि बिनलिफ्टच्या इमारतीतही वितरक वरपर्यंत आणून देतो. शेगडीकडे जाणारी नारिंगी रबरी नळी हातात घेऊन फिरवा, तिच्यावर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं. मुदत संपलेली असेल, नळी वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा ती दीड मीटरहून लांब असेल तर बदलून घ्या. ती ओव्हनच्या मागच्या तापणाऱ्या भागाला टेकता कामा नये. दोन्ही टोकांना धातूचे पट्टे हवेत. सिलिंडर उभाच, आणि कपाटात असेल तर कपाटाला खाली-वर जाळ्या हव्यात. ब्युटेन हवेपेक्षा जड आहे, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून खालची जाळी मुलांच्या खेळण्यांनी बुजवू नका. नवा सिलिंडर लावल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर रेग्युलेटर काढून पुन्हा बसवा.

गॅसच्या पाण्याच्या हीटरची ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा वरचा भाग काळवंडलेला असला तर तो तपासेपर्यंत वापरू नका.

तपासणी दर ५ वर्षांनी असते. बेल वाजवून 'गॅसची तपासणी' म्हणत आत येणारे आणि लगेच रोख पैसे मागणारे फसवे असतात. तुम्ही स्वतः वेळ घेतलेली नसेल तर दार उघडू नका. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांच्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला मराठीत चिठ्ठी लावा: गॅसवाल्याला नाही म्हणायचं, 'नो, ग्रासियास'.

मोगरा७:

नळीवर २०२१ छापलं आहे. बदलून मागते आणि मगच सही.